एकवीस हजारांची रेघ

जानेवारी आणि जुलैचा महागाई भत्ता कधी जाहीर होतो, याकडे आम्हा पेन्शनरांचं बारीक लक्ष असतं. जळगावात संध्याकाळी फिरायला निघालेल्या निवृत्त मास्तरांच्या गप्पा तिथूनच सुरू होतात. फरक किती निघणार, खात्यात कधी पडणार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. पेन्शन 1982च्या नियमांची, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर भत्ता, आणि ऐंशी ओलांडली की आणखी वाढ. तूरडाळ महागली की मीही कुरकुरतो, पण उशिरा का होईना, सरकार माझी कुरकुर ऐकतं.

धुळ्याचे आमचे दाजी अशा गप्पांत गप्प बसतात. ते सूतगिरणीत होते. त्यांची पेन्शन ईपीएस-95ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, महिना 2300 रुपये. निवृत्त झाले तेव्हा 2300, आजही तेवढीच. मध्यंतरी गॅस आठशेच्या वर गेला, बीपीच्या गोळ्यांना शुगरच्या गोळ्यांची जोड मिळाली, आणि धुळ्याच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवून म्हाताऱ्या माणसाला राहवत नाही. एकदा म्हणाले, "मास्तर, तुमची पेन्शन वाढते. आमची नुसती येते."

दाजींची ही ईपीएस-95 योजना 16 नोव्हेंबर 1995 पासूनची. पीएफच्या मालकाच्या वाट्यातले पगाराचे 8.33 टक्के तिच्यात जातात, तेही ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंतच. ही मर्यादा बरीच वर्षं 6500 होती, 2014 पासून 15,000 आहे. धरलेल्या पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि 70ने भागायचं. पूर्ण 15,000 धरून कुणी तीस वर्षं राबला तरी हाती सात हजारांच्या आतच. या गणितात महागाईला जागाच नाही. किमान पेन्शन 2014 मध्ये 1000 केली, ती अजून तिथेच आहे. बुलढाण्याला पेन्शनरांनी साखळी उपोषण केलं, दिल्लीपर्यंत मोर्चे नेले. मागणी साडेसात हजारांची आणि महागाई भत्त्याची. मला त्यातली दुसरी अर्धी जास्त मोलाची वाटते. साडेसात हजारही दहा वर्षं एका जागी उभे राहिले तर पुन्हा हजारासारखेच दिसू लागतील.

आणि नोकरीची वर्षं तरी पुरी व्हायला हवीत. खानदेशात ती कितीजणांची झाली? अमळनेरची प्रताप मिल गेली, फैजपूरचा 'मधुकर' साखर कारखाना बंद पडला. दहा वर्षं भरायच्या आत दार बंद झालं की पेन्शन नाही, भरलेले पैसे काढून घ्यायचे आणि केळीच्या बागेत रोजाने जायचं. तिथल्या मजुराची तर नोंदच नसते.

मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर संप झाला. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या, म्हणून जुन्या पेन्शनला मुकलेल्या तरुण शिक्षकांसाठी मीही घोषणा दिल्या. त्यांचं म्हणणं मला आजही रास्तच वाटतं. पण माझी पेन्शन तिजोरीतून येते, आणि काडेपेटी घेताना दाजीही त्या तिजोरीत कर टाकतात, हे त्या गर्दीत कुणी बोललं नाही. मीही नाही.

ताईचं, म्हणजे दाजींच्या बायकोचं, प्रकरण आणखी अजब. लाडकी बहीण योजनेतून तिला 1500 मिळत होते. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलं की पुरे. पण ती योजना 65 वर्षांपर्यंतची. पासष्टी झाली आणि पैसे थांबले. पुढे श्रावणबाळ योजना आहे, तिचेही 1500च. फक्त तिथे उत्पन्नाची रेघ 21,000वर ओढलेली, महिन्याला 1750. दाजींचे 2300 गुणिले बारा म्हणजे 27,600. ताई बाद! बाई म्हातारी झाली की तिच्या गरिबीची अट जवळपास बारा पटींनी कडक कशी होते, हे मला कुणी समजावून सांगेल तर बरं.

शेजाऱ्याने सल्ला दिला, "दाखल्यावर एकवीस हजार लिहून आणा, सगळे तेच करतात." दाजी तयार होईनात. तत्त्वापेक्षाही त्यांची अडचण व्यवहाराची होती. दुसऱ्या कुणाची पानटपरीची कमाई कुठे दिसत नाही, भाड्याने दिलेली खोली दिसत नाही. त्यांचे 2300 मात्र दर महिन्याला पासबुकात छापून येतात.