टी. नगरचा संसार आणि आप्पांचं घर

चेन्नईला आलेला पाहुणा टी. नगरला गेला नाही, असं सहसा होत नाही. कांजीवरम साडी, सोनं, स्टीलची भांडी, लग्नाचा बस्ता, सगळं एकाच भागात मिळतं. मुंबईकरांचं दादर आणि पुणेकरांचा लक्ष्मी रोड एकत्र केलात, तर थोडीफार कल्पना येईल.

मी मूळची साताऱ्याची. १९८९ मध्ये लग्न होऊन टी. नगरला आले. २०२३ मध्ये सासरे गेले आणि आम्ही दोघं त्यांच्या कुंभकोणमजवळच्या लहानशा घरात राहायला आलो. ११०० चौरस फुटांचा फ्लॅट सोडून दोन खोल्या, एक चौक आणि परस. चौतीस वर्षांचा संसार एवढ्याशा जागेत कसा बसवायचा, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांपुढे कधी ना कधी येणार आहे. म्हणून ही हकीकत.

तळ्याच्या जागी बाजार

शंभर वर्षांपूर्वी टी. नगरमध्ये दुकानं नव्हती, पाणी होतं. लाँग टँक नावाचं एक मोठं, लांबट तळं इथे पसरलेलं होतं. १९२० च्या दशकात ते बुजवून नवी वसाहत आखली गेली. जस्टिस पार्टीचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी १९२५ मध्ये वारले. त्यांच्या नावावरून वसाहतीचं नाव त्यागराय नगर पडलं आणि लोकांच्या तोंडी त्याचं टी. नगर झालं. मधोमध पनगल पार्क आहे. ते नाव पनगलच्या राजांचं. मद्रास प्रांताच्या सरकारचे ते प्रमुख होते.

साड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं नल्लींचं दुकान १९२८ पासूनचं. मांबलम स्टेशनाला लागून असलेला रंगनाथन स्ट्रीट म्हणजे एक अरुंद गल्ली, पण दिवाळीआधीच्या रविवारी तिथे आपण चालत नाही, गर्दीच आपल्याला पुढे नेते. पाँडी बाजारात २०१९ मध्ये रुंद पदपथ झाले, बसायला बाकं आली. आम्ही निघालो त्याच वर्षी स्टेशनापासून बस टर्मिनसपर्यंत सुमारे ५७० मीटरचा स्कायवॉक सुरू झाला.

अशा ठिकाणी चौतीस वर्षं राहिलं की घर भरतंच. दुकान पाच मिनिटांवर, सेल बारा महिने. स्टीलला इथे ‘एवरसिल्व्हर’ म्हणतात आणि भांड्यांवर नाव घालून द्यायची पद्धत आपल्यासारखीच आहे. आमच्याकडे नावं घातलेले डबेच सत्तावीस निघाले. त्यातले वापरातले नऊ.

कावेरीकाठचे मराठे

‘तुमच्या सासरी मराठी कशी?’ असं माहेरचे लोक अजून विचारतात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावरला भोसल्यांचं राज्य उभं केलं. ते १८५५ पर्यंत टिकलं. त्यांच्याबरोबर आणि नंतरही अनेक मराठी घराणी कावेरीच्या खोऱ्यात आली आणि तिथलीच झाली. बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव याच समाजातले, जन्म कुंभकोणमचा, १८२८ चा. पुढे शिक्षण आणि नोकरीसाठी ही कुटुंबं मद्रासला गेली. आमचंही त्यातलंच.

घरात मराठी बोलायची, शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकायचं, अशा तिथल्या पिढ्या. माझे यजमान मराठी बोलतात, पण वाचता येत नाही. सासऱ्यांना मात्र त्यांच्या वडिलांनी देवनागरी लिहायला शिकवलं होतं. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. दरवर्षी पोंगलनंतर ते महिनाभर टी. नगरला यायचे, सकाळी पनगल पार्कला फेऱ्या मारायचे आणि जाताना फक्त रेघी वह्या विकत घ्यायचे, वर्षाचा हिशोब लिहायला.

घर केवढं, काय मावतं

आप्पांचं घर अग्रहारात आहे. देवळाजवळ दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटून असलेली घरं, तो अग्रहार. पुढून रुंदी १४ फूट, पण आत लांबच लांब. रस्त्यालगत ओटा, त्याला तमिळमध्ये ‘तिण्णै’ म्हणतात. मग बोळ, मग उघडा चौक, त्याच्या कडेने माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसात विहीर. वर कौलं, खाली गुळगुळीत तांबडी जमीन. भिंतीतले कोनाडे हीच कपाटं.

आप्पा गेल्यावर लेकीचं म्हणणं होतं, घर विकून टाका. तिचं चुकत नव्हतं. रस्त्यावरच्या निम्म्या घरांना कुलूप होतं. कौलारू घर बंद ठेवलं की दोन पावसाळ्यांत छत बसतं. हे म्हणाले, एक वर्ष राहून बघू. टी. नगरचा फ्लॅट ११ महिन्यांच्या कराराने भाड्याने द्यायचा आणि वर्षाअखेर ठरवायचं. माझी काळजी वेगळी होती. ह्यांना रक्तदाब आहे आणि मोठं हॉस्पिटल गाठायचं तर कुंभकोणम. तिथल्या एका डॉक्टरांना आधी भेटून, औषधांची यादी त्यांच्याकडे देऊन मगच मी होकार दिला.

सामान आवरायला आम्ही दोन महिने घेतले. आधी गावी जाऊन टेपने मापं घेतली. दाराची रुंदी, कोनाड्यांची खोली, पलंगामागे उरणारी जागा. सगळं वहीत लिहिलं. टी. नगरला परतल्यावर प्रत्येक मोठ्या वस्तूला एकच प्रश्न विचारायचा, ही कुठे बसणार? जागा सांगता आली नाही तर ती वस्तू नेायची नाही. ‘आवडते का’ हा प्रश्न विचारला असता तर काहीच सुटलं नसतं. त्यामुळे डायनिंग टेबल, दोन लोखंडी कपाटं आणि सोफा तिथेच भाडेकरूंसाठी राहिला.

भांडी दुसऱ्या पद्धतीने निवडली. रोज दोघांना लागतं ते, आणि सहा पाहुणे आले तर लागेल ते. बाकीचं एवरसिल्व्हर लेकीने आणि शेजारणींनी नेलं, उरलेलं वजनावर गेलं. पितळ मात्र विकलं नाही. कारण आप्पांच्या स्वयंपाकघरात पितळेचे डबरे-टंबलर आधीच होते आणि कॉफी त्यातच प्यायची, हा कुंभकोणमचा रिवाज.

सगळ्यात अवघड गेल्या त्या बाहुल्या. तमिळनाडूत नवरात्रात पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या ठेवतात, तो ‘कोलू’. दरवर्षी निदान एक नवी बाहुली आणायची पद्धत. चौतीस वर्षांच्या माझ्या, त्याआधीच्या सासूबाईंच्या. नऊ पायऱ्या व्हायच्या. नव्या घरात तीनच मावतात. सासूबाईंची लाकडी मरप्पाच्चीची जोडी, मान डोलावणारी तंजावरची बाहुली, एक विठ्ठल-रखुमाई, दशावतार आणि थोड्या इतर ठेवल्या. उरलेल्या इमारतीतल्या मुलींना वाटल्या. त्या वर्षी नवरात्रात त्यातल्या चार घरांतून फोटो आले, आपली बाहुली कुठल्या पायरीवर आहे ते दाखवणारे.

कागद आधी, रंग नंतर

आई-वडिलांच्या घरात राहायला जाणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. रंगरंगोटीआधी कागदपत्रं बघा. आम्ही प्रथम तहसीलदार कार्यालयातून वारस दाखला घेतला. मग जमिनीच्या नोंदीवर, म्हणजे इथल्या ‘पट्ट्या’वर, नाव लावायला अर्ज केला. वीज, गॅस आणि घरपट्टीवरची नावंही बदलून घेतली. अग्रहारातल्या काही घरांखालची जमीन देवस्थानाची असते, तेही तपासावं लागतं. महाराष्ट्रात शेतजमिनीसाठी फेरफार आणि सातबारा, तर गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा. भावंडं असतील तर सगळ्यांशी आधीच बोला. भिंतीवर खर्च झाला की बोलणं कठीण होतं.

एक्केचाळीस वह्या

माजघरातल्या लाकडी पेटीत आप्पांच्या वह्या निघाल्या. एक्केचाळीस. त्याच, पाँडी बाजारातून नेलेल्या. पेटी मोठी, जागा अडवणारी. आमच्याच नियमाने ती जायला हवी होती. यजमानांनी एक वही उघडली, पानं उलटली आणि माझ्या हातात दिली. वडिलांचं अक्षर त्यांना ओळखता येत होतं, वाचता येत नव्हतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसून मी चार पानं वाचते, हे ऐकतात. नारळाचा भाव, कौलं बदलल्याची मजुरी, मेट्टूर धरणातून सोडलेलं पाणी गावच्या कालव्याला कधी पोचलं ती तारीख. धरण उघडायचा परंपरेचा दिवस १२ जून. कुठल्या वर्षी पाणी उशिरा आलं, कुठल्या वर्षी आलंच नाही, ते आप्पांनी लिहून ठेवलंय. एका पानावर आमच्या लग्नाचा खर्च आहे. दुसऱ्या एका पानावर फक्त एवढंच, की मुलाला मद्रासला नोकरी लागली आणि ओटा आता रात्री रिकामा वाटतो. हे वाचून झाल्यावर ह्यांनी ते पान पुन्हा वाचायला सांगितलं.

पेटी राहिली. तिच्यासाठी माझं शिवणयंत्र लेकीकडे गेलं.

वर्ष संपलं तेव्हा आम्ही फ्लॅटचा भाडेकरार नव्याने केला, घर विकायचा विषय निघाला नाही. लेक सुट्टीत मुलाला घेऊन आली. नातवाला मी देवनागरी गिरवायला शिकवतेय. तो आळशीपणा करतो, पण आप्पांच्या वहीतले आकडे आता वाचतो.

तुम्ही इकडे आलात तर टी. नगरला खरेदी जरूर करा, फक्त पिशवी लहान न्या. मग विल्लुपुरम, चिदंबरम, मयिलाडुतुरै मार्गाने जाणाऱ्या चोळन एक्स्प्रेसने कुंभकोणमला या. जवळच गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं मंदिर आहे. पुढे तंजावरला बृहदीश्वराच्या आवारात दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसल्यांच्या इतिहासाचा मराठी शिलालेख आहे. घरापासून एवढ्या दूर दगडावर मराठी वाचताना जरा वेळ लागतो. घाई करू नका.