संडासाचे पाणी हळू उतरते आहे?

बद्धकोष्ठाची किंवा लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आलेल्या वयस्कर रुग्णांना मी जे नेहमीचे प्रश्न विचारतो, त्यांत एक प्रश्न हमखास असतो : "घरचा संडास नीट चालू आहे ना?" रुग्ण प्रथम हसतात. मग बरोबर आलेली मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि हळूहळू खरी हकीकत बाहेर येते.

इंदापूर तालुक्यातील एका सत्तरी ओलांडलेल्या आजींना मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत होता, अधूनमधून चक्करही येत असे. घरातील संडासात पाणी टाकले की भांडे काठोकाठ भरे आणि बऱ्याच वेळाने उतरे. आपल्यामागून जाणाऱ्याला घाण दिसू नये, म्हणून आजींनी दुपारनंतर पाणी पिणेच सोडले होते. कोणाला बोलल्या मात्र नव्हत्या. अशा गोष्टी आपल्याकडे बोलल्या जात नाहीत. म्हणून आपणच, घरातल्यांनी, त्या आपणहून विचारल्या पाहिजेत.

पोट तपासताना अडथळा वर आहे की खाली, हे वैद्य आधी ठरवतो. सांडपाण्याच्या नळांचेही तसेच आहे. केवळ बेसिन किंवा केवळ न्हाणीघरातील पाणी तुंबत असेल, तर दोष जवळच, त्याच जाळीत किंवा ट्रॅपमध्ये असतो : केस, साबणाचा थर, स्वयंपाकघरात गोठलेले तेल-तूप. परंतु संडासात पाणी सोडताच न्हाणीच्या जाळीतून 'गुडगुड' आवाज येतो, बुडबुडे निघतात किंवा तेथे पाणी वर येते, असे असेल तर अडथळा पुढच्या, सामाईक नळात किंवा त्याच्याही पुढे टाकीत आहे. अशा वेळी बेसिनमध्ये कितीही औषध ओतले तरी उपयोग नाही.

फ्लश कमजोर आहे की नळ तुंबला आहे, हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. भांडे आधीच भरलेले नसेल, तर घरातील तरुण माणसाने आठ-दहा लिटर पाण्याची बादली भांड्यात एका दमात ओतावी. पाणी झर्रकन गेले, तर नळ मोकळा आहे. फ्लशची टाकी पुरती भरत नाही किंवा भांड्याच्या कडेखालची छिद्रे बुजली आहेत. पाणी चढून रेंगाळले, तर अडथळा नक्की. मग घराबाहेरच्या चेंबरचे झाकण उघडून पाहावे. चेंबर कोरडे असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये. तुडुंब भरलेले असेल तर पुढे. गवंडी, प्लंबर येण्यापूर्वी एवढे ठाऊक असले, तर त्याचा वेळ आणि आपले पैसे दोन्ही वाचतात.

आपल्या भागाची दोन वैशिष्ट्ये येथे लक्षात घ्यावी लागतात. पहिले म्हणजे बोअरचे जड पाणी. त्यातील क्षार लघवीतील क्षारांशी मिळून भांड्याच्या गळ्याशी पिवळट खडकासारखे बसतात आणि वाट वर्षानुवर्षे अरुंद होत जाते. लिंबूसत्त्वाचे दाट द्रावण रात्री ओतून सकाळपर्यंत ठेवावे. थर जुना असल्यास चार-सहा वेळा करावे लागते. दुसरे म्हणजे काळी माती. ती ओली झाली की फुगते आणि पाणी फारसे जिरू देत नाही. नीरा डाव्या कालव्याखाली तर कित्येक जमिनी पाणथळ, चोपण झालेल्या आहेत. म्हणून आपल्या घरचा संडास नेमका पावसाळ्यात, किंवा पाटाचे आवर्तन सुटून शेजारच्या उसाला पाणी बसले की तुंबतो का, हे आठवून पाहा. तसे असेल, तर दोष नळाचा नाही. शोषखड्ड्याभोवतीची जमीनच पाण्याने भरली आहे.

गुडघेदुखीसाठी आम्ही कमोड बसवायला सांगतो आणि ते योग्यच आहे. पण खेड्यातील दोन खड्ड्यांच्या संडासाचे उताराचे भांडे दोन लिटर पाण्यात स्वच्छ होते. कमोडचा फ्लश त्याच्या कितीतरी पट पाणी सोडतो. जुन्या खड्ड्याला ते झेपत नाही. कमोड बसवताना खड्ड्याचीही चौकशी करावी, आणि दोन्ही खड्डे एकाच वेळी चालू नाहीत ना, हे पाहावे. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचे आणि पहिला निदान वर्ष-दीड वर्ष बंद ठेवायचा, यासाठीच ते दोन असतात. याउलट, जिरायती भागातील टँकरचे दिवस काढलेली आमची पिढी कमोडमध्येही अर्धा तांब्याच पाणी टाकते. मग मळ नळातच थांबतो. त्यांना रागावू नये, जवळ भरलेली बादली ठेवावी.

आजारी माणसाच्या घरात आणखी काही कारणे सापडतात. डायपर, ओले रुमाल, कापूस, जखमेची पट्टी यांपैकी काहीही संडासात टाकू नये. ओले रुमाल पाण्यात विरघळत नाहीत, पाकिटावर काहीही छापलेले असो. आणि इसबगोल! उरलेले इसबगोल बेसिनमध्ये ओतले की ते ट्रॅपमध्ये फुगून खळीसारखे होते. ज्या गुणासाठी ते आपण पोटात घेतो, तोच गुण नळात नको असतो.

तुंबले की अ‍ॅसिडची बाटली उघडण्याची घाई करू नका. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद, लहानशा संडासात दम्याच्या रुग्णाला तो जिवावर बेतू शकतो. एक रसायन ओतल्यावर दुसरे ओतू नये, रबरी पंपही मारू नये. उडालेल्या थेंबाने डोळा जातो.

सेप्टिक टाकीत तर कोणीही, अगदी 'एकच मिनिट' म्हणूनही, उतरू नये. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे धोका कळत नाही. मार्च २०२३ मध्ये आपल्या बारामती तालुक्यातील खांडज येथे गोबरगॅसच्या टाकीत चार जण गुदमरून गेले. एक पडला की दुसरा त्याला काढायला धावतो, असेच बहुधा घडते. माणसाला टाकीत उतरवून मैला काढून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे. उपसा करणारी सक्शन गाडी बोलवावी. टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी बांधावी, म्हणजे डासांची पैदास थांबते. मात्र ती जाळी धूळ-कोळिष्टकांनी बुजली, तरी पाणी अडखळते, म्हणून अधूनमधून झाडावी.

दुरुस्ती होईपर्यंत एखादी रात्र काढावी लागलीच, तर आजी-आजोबांसाठी खाटेजवळ भांड्याची खुर्ची किंवा पॉट ठेवा, वाटेतील ओली फरशी पुसून कोरडी करा, रात्रभर दिवा चालू ठेवा. आणि त्यांचा पाण्याचा तांब्या भरलेला आहे ना, हे झोपण्यापूर्वी एकदा पाहा.