इक्कोकु नावाचे घर

‘गोदाई’ हे नाव कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नऊवारीतील एखादी आजी उभी राहते. परंतु ‘मेझोन इक्कोकु’ या जपानी चित्रमालिकेतील गोदाई हा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला तरुण आहे. एका जुनाट लाकडी घरातील पाच क्रमांकाच्या खोलीत तो भाड्याने राहतो, आणि घराची व्यवस्था पाहण्यास आलेल्या क्योकोवर पहिल्याच दिवशी जीव जडवून बसतो. रूमिको ताकाहाशी यांच्या चित्रकथेवर आधारलेली ही मालिका १९८६ ते १९८८ या काळात ९६ भागांत प्रक्षेपित झाली. इक्कोकु म्हणजे एक क्षण! त्या क्षणाच्या घरावरचे घड्याळ मात्र कायमचे बंद पडलेले आहे, आणि त्याखाली राहणाऱ्या या दोघांस मनातले बोलावयास वर्षांमागून वर्षे लागतात.

परप्रांती बिऱ्हाड केलेल्या आमच्यासारख्यांस येथील शेजारी फार ओळखीचे वाटतात. योत्सुया भिंतीस भगदाड पाडून खुशाल आत येतो. परीक्षा तोंडावर आलेली असता सारी मंडळी गोदाईच्याच खोलीत मद्याची बैठक मांडतात. एकांत म्हणून मिळावयाचा नाही, आणि एकटेपणही वाट्यास यावयाचे नाही.

परंतु आम्हांस खरी मोहिनी पडली ती क्योकोची. ती विधवा आहे. विवाहानंतर अल्पावधीतच तिचा पती सोइचिरो निवर्तला, आणि घरच्या कुत्र्याचेही नाव सोइचिरोच! अंगणात ती कुत्र्यास हाक मारते आणि गोदाईच्या काळजात चर्र होते. आपल्याकडे पुनर्विवाहाच्या कथेत आडवा येतो तो समाज. येथे तर सासरची माणसेच तिने नवा संसार मांडावा असे सुचवितात. अडसर आहे तो तिच्या मनाचा. पुन्हा प्रेम करणे म्हणजे पहिले प्रेम खोटे ठरविणे, हे भय तिला सोडीत नाही. अखेर गोदाई सोइचिरोच्या थडग्यापाशी जातो आणि तिच्या मनातील त्या माणसासह तिचा स्वीकार करतो. या प्रसंगासाठी आम्ही मालिकेचे बरेच अपराध पोटात घालावयास तयार आहोत.

सगळे मात्र नव्हे. अर्धवट ऐकलेले वाक्य, नको त्या वेळी उघडलेले दार, यांवर किती भाग रेटावयाचे? प्रतिस्पर्धी मिताकाची वाटही लेखिकेने फार सोयीने लावली आहे: दिवस गेले होते कुत्रीला, आणि हा बापडा ती वार्ता तिच्या मालकिणीविषयीची समजून लग्नास उभा राहिला! हसू येते, पण एवढ्या दिवसांच्या चुरशीचा निकाल असा लागावा?

आणि कोझुए. गोदाईस तिच्याशी लग्न करावयाचे नाही, हे त्याला ठाऊक आहे, आम्हांस ठाऊक आहे. तिला तेवढे कोणी सांगत नाही. त्याच्या या भिडस्तपणाचे मालिकेने विनोदात रूपांतर केले. आम्हांस तो निव्वळ भ्याडपणा वाटतो. पुढे ती दुसऱ्याशी लग्न ठरविते, तेव्हा आम्ही मनोमन तिच्या बाजूचे वऱ्हाडी झालो होतो.