टाळूवरचे हाड

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. सोयाबीनची सोंगणी चालू होती. रात्री जेवताना भाकरीचा कडक पापुद्रा टाळूला लागला आणि माय थांबली. "पाह्य बरं बापू, काय हाये इथं," म्हणून तिने तोंड उघडले. मोबाइलच्या उजेडात पाहिले, तर टाळूच्या अगदी मधोमध बोराच्या आठळीएवढा उंचवटा. बोट लावले तर दगडासारखा टणक.

"हे त लय दिवसांचं हाये. तू झाला बी नव्हता तवाचं," माय म्हणाली. मग हळूच म्हणाली, "कोनाले सांगू नोको."

का सांगायचे नाही, हे मी विचारले नाही. आमच्या अनसिंगला तोंडात गाठ म्हटली की एकच शब्द मनात येतो, आणि तो कोणी ओठावर आणत नाही. माय तर तंबाखूला शिवतही नाही. पण भीती असले हिशेब ठेवत नाही. त्या रात्री आम्ही दोघेही झोपलो नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे अर्ज लिहिणे, बँकेत जाणे आणि डॉक्टरला प्रश्न विचारणे ही कामे माझ्याकडेच असतात. दात दुखतो असे घरी सांगून मायला वाशीमला नेले. बाबाही सोबत आले.

डॉक्टरांनी आरसा घालून पाहिले, बोटाने दाबले. "मावशी, हे हाड आहे. टाळूच्या दोन बाजू जिथे जुळतात, तिथे काहींना जादा हाड वाढते. बायकांत जरा जास्त." याला टोरस म्हणतात. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूलाही ते होते, बहुधा दोन्हीकडे. वर्षानुवर्षे सावकाश वाढते आणि त्याचा कॅन्सर होत नाही. वरची कातडी पातळ असल्याने कडक घास लागला की खरचटते आणि आपोआप भरते.

"मग काढायचे कधी?" मी विचारले. कवळी बसवताना आड आले, पुन्हापुन्हा जखम झाली, अन्न अडकू लागले किंवा बोलता-गिळताना त्रास झाला, तरच. तेव्हा जागा बधिर करून हाड तासतात. एरवी हात लावायचा नाही. मात्र गाठ भराभर वाढली, मऊ असली, रक्त आले किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लगेच दाखवायचे.

मायचा चेहरा उजळला. आम्ही उठलोच होतो, तेवढ्यात डॉक्टर बाबांना म्हणाले, "आलाच आहात तर तुम्हीही दाखवा."

बाबांना तीन बोटे एकावर एक ठेवून तोंडात घालायला सांगितले. दोनसुद्धा गेली नाहीत. गाल आतून पांढरट आणि ताठ झाले होते. दोन वर्षांपासून तिखट झोंबते म्हणून ते भाकर वरणात कुस्करून खात होते आणि आम्ही त्याला पित्त म्हणत होतो. खर्‍यातल्या सुपारीने गाल असेच आवळत जातात, आणि पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकतो. डॉक्टरांनी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

परतीच्या एस.टी.त कोणी बोलले नाही. ज्याला काही करायचे नव्हते, त्याच्यासाठी आम्ही रात्र जागून काढली होती. ज्याला करायचे होते, ते रोज आमच्याच ताटाशी बसून जेवत होते.

राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा घोटणे काही थांबले नाही. बाबांचा खर्रा सुटला असे लिहायला मला आवडले असते. तो निम्म्यावर आला आहे, आणि नागपूरच्या दोन खेपा झाल्या आहेत.

आपल्या वर्गातही अनेकांच्या खिशात पुडी असते. मित्रहो, आज घरी गेल्यावर आरशापुढे तीन बोटे तोंडात घालून पाहा.

माझ्याही टाळूला जीभ लावली की एक लहानसा उंचवटा लागतो. हे हाड पुष्कळदा आईबापांकडून येते, असे डॉक्टर म्हणाले होते. ते मायने दिलेले आहे. राहू दे.