चढ आहे, उतार नाही

वस्तूचे परीक्षण आणि साहित्यकृतीचे परीक्षण यांत फरक काय, असे वर्गात कोणी विचारले तर आपले उत्तर ठरलेले असते. वस्तूला उपयोग असतो, कृतीला तो असावाच असे नाही. वस्तूचे निकष तिच्या बाहेर असतात, कृतीचे तिच्या आत. घरातल्या एका ट्रेडमिलच्या वर्षभराच्या सहवासानंतर हे उत्तर मला पूर्वीइतक्या सहजपणे देता येत नाही. यंत्राचेही एक म्हणणे असते. त्याच्या माहितीपत्रकाला शैली असते, पडद्यावरच्या आकड्यांमागे एक निवेदक असतो आणि कादंबरीतल्या पुष्कळ निवेदकांप्रमाणे तोही सर्वस्वी विश्वासार्ह नसतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मी गोंदियाला मराठी शिकवते. पन्नाशी ओलांडल्यावर महाविद्यालयाचा जिना चढताना छातीत दडपण येऊ लागले, म्हणून नागपूरला टीएमटी झाली. ही चाचणी ट्रेडमिलवरच घेतात. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाने १९६३ साली प्रसिद्ध केलेली तिची पद्धत आजही बहुतेक ठिकाणी चालते. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात : पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ताशी ४ आणि १२ टक्के, तिसरा ताशी साडेपाचच्या आसपास आणि १४ टक्के. मी दुसऱ्या टप्प्यात थांबले. पुढे अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी काहीशी अरुंद निघाली. स्टेंटची गरज नव्हती, औषधे आणि नियमित चालणे पुरेसे होते. निघताना मी डॉक्टरांना विचारले, येत्या माघ पौर्णिमेला कचारगड चढता येईल का? त्यांनी कचारगड पाहिलेला नव्हता. ते म्हणाले, ‘तिसरा टप्पा पूर्ण करून दाखवा, मग बोलू.’

कचारगडच का, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या डोंगरात ही प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. हावडा मार्गावरच्या दरेकसा स्थानकावर उतरायचे, धनेगावपर्यंत जायचे आणि तिथून जंगलातून वर. गोंड समाजाचे हे उगमस्थान. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशातून माणसे येतात, सप्तरंगी ध्वज घेऊन, ‘जय सेवा’ म्हणत. कथा अशी की कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली आणि दारावर प्रचंड शिळा ठेवली गेली. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा मार्ग काढला. एका कथनानुसार हिरासुका पाटालीर याच्या वाद्याच्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी शिळा लोटली आणि तिच्याखाली हिरासुका स्वतः सापडला. नागपूरचा स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने लिंगोचे गाणे गोंड गायकांकडून मिळवले होते. १८६३ साली तो बुडून मरण पावला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. त्या पाठात कोंडणारा महादेव आहे आणि गुहेचे नाव काचिकोपा लोहागड असे येते. कचारगड ते हेच, असे मानतात. नावाचा संबंध गोंडीतल्या लोखंडाच्या शब्दाशी जोडतात.

वर्गात ही कथा मी अनेक वर्षे शिकवते आहे. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षे बसणाऱ्या सहकारी बाई गोंड आहेत. त्यांच्या घरातले सगळे दरवर्षी जातात आणि दरवर्षी त्या मला ‘चला’ म्हणतात. यात्रेच्या सुमारास नेमक्या प्रात्यक्षिक परीक्षा असत. त्या वर्षी मात्र परीक्षांपेक्षा मोठी अडचण उभी राहिली, तेव्हा जायचे ठरले. मनुष्यस्वभाव असाच आहे.

चालायचेच तर रस्ता आहे, मैदान आहे. यंत्र कशाला, असे अनेकांनी विचारले. विचारणारे बहुतेक पुरुष होते. पूर्व विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. सकाळी आठनंतर हृदयविकाराच्या रुग्णाने बाहेर चालू नये. पहाटे पाचला चालायचे तर अंधार, मोकाट कुत्री आणि नाक्यावरची ती विशिष्ट नजर. पन्नाशीच्या बाईलाही ती चुकत नाही. साडी की पंजाबी ड्रेस, एकटी की सोबतीने, हा हिशेब पाय उचलण्याआधीच करावा लागतो. खोलीचे दार लावून, विस्कटलेल्या केसांनी, धापा टाकत चालता येणे ही सुविधा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. माझ्या लेखी ती या यंत्राची पहिली आणि सर्वांत मोठी गुणवत्ता आहे. पुढे जी टीका येईल ती हे गृहीत धरून वाचावी.

तर माहितीपत्रक. अतिशयोक्ती अलंकाराचे उदाहरण शोधणाऱ्या विद्यार्थ्याने हा वाङ्मयप्रकार जरूर अभ्यासावा. माझ्या यंत्रावर ‘६ एचपी पीक’ असे ठळक लिहिले आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. सहा म्हणजे जवळजवळ साडेचार हजार. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टने जास्तीत जास्त ३,४५० वॉट मिळतात. म्हणजे भिंत जे देऊच शकत नाही ते यंत्र घेणार! ‘पीक’ हा आकडा क्षणापुरता असतो. चालणाऱ्याच्या कामाचा आकडा ‘कंटिन्यूअस’ अश्वशक्तीचा, आणि तो बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. विकत घेणाऱ्याने तोच विचारावा. त्यानंतर पट्ट्याची लांबी-रुंदी पाहावी : चालण्यासाठी मध्यम पट्टा पुरतो, धावायचे तर लांब लागतो. हात सोडून चालताना पाऊल कडेला घासत नाही ना, हे दुकानात प्रत्यक्ष चालूनच कळते.

मग सुविधांची यादी. छत्तीस तयार कार्यक्रम, ब्लूटूथ, स्पीकर, पंखा, घडी घालणारा हायड्रॉलिक दांडा, हातात धरून नाडी मोजणारे धातूचे पट्टे आणि एक पडदा, ज्यावर नॉर्वेच्या समुद्रकाठचा रस्ता आपल्या वेगाने मागे सरकतो. छत्तीसपैकी मी दोन वापरले. पंख्याचा झोत चेहऱ्यावर न येता हनुवटीखाली येतो. नाडी मोजायला कठडा धरावा लागतो, आणि कठडा धरला की अंगाचा भार हातांवर जाऊन श्रम कमी होतात. म्हणजे मोजण्याची क्रियाच मोजल्या जाणाऱ्या गोष्टीला बदलते. समीक्षकांना हा अनुभव नवा नाही. उष्मांकांचा आकडा तर निव्वळ कल्पित. माझे वजन विचारल्याशिवायच तो पहिल्या दिवसापासून दिसत होता. ते भरायची जागा तिसऱ्या मेनूत लपली होती. कोणा सरासरी माणसाचे श्रम माझ्या नावावर जमा होत होते. लाल दोरीची सेफ्टी की मात्र उत्तम. ती कपड्याला अडकवायची. पाय घसरला की दोरी ओढली जाऊन पट्टा थांबतो. यादीत तिचे स्थान शेवटचे आहे.

खरी मोलाची सुविधा चढाची. माझे यंत्र १५ टक्क्यांपर्यंत पुढून वर उचलले जाते, तेही बटणाने. चालताना लागणाऱ्या प्राणवायूचे जे सर्वमान्य समीकरण आहे त्यात आकडे घालून पाहा : ताशी ४ किलोमीटरने सपाटीवर जेवढा लागतो, त्याच्या दुपटीहून अधिक १० टक्के चढावर लागतो. वेग वाढवून गुडघे दुखवण्यापेक्षा चढ वाढवून हृदयाला काम देणे शहाणपणाचे, हे मला या यंत्राने शिकवले. एप्रिलमध्ये ३ टक्के, पावसाळ्यात ६, दिवाळीत १०. चाळीस मिनिटांत अडीच-पावणेतीन किलोमीटर, म्हणजे सुमारे २६० मीटर उंची. रोज एक टेकडी, आणि खिडकीतला पेरू जिथल्या तिथे.

या जिथल्या तिथे राहण्याचा इतिहास बरा नाही. विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ मध्ये तुरुंगांसाठी पायचक्र तयार केले. मोठ्या आडव्या पिंपाला पायऱ्या, वर धरायला दांडा. कैद्याने चढत राहायचे आणि पायरी पायाखालून खाली जात राहायची. १८२१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ते धान्य दळू लागले. कित्येक ठिकाणी मात्र ते कशालाच जोडलेले नसे, नुसता वारा दळायचा. १८९५ साली सक्तमजुरीची शिक्षा झालेला ऑस्कर वाइल्ड त्यावर चढला होता. १८९८ च्या कायद्यानंतर ते बंद झाले. आपल्याकडे अंदमानचा कोलू आठवावा. तिथे निदान तेल तरी निघे. पुढे १९६८ मध्ये डॉ. केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आले. ते वाचून विल्यम स्टॉब या अमेरिकन अभियंत्याने घरगुती ट्रेडमिल बाजारात आणली. तुरुंगातून दवाखान्यात आणि दवाखान्यातून शयनगृहात, असा हा प्रवास. ‘शिक्षा’ या शब्दाचे मराठीतले दोन अर्थ, दंड आणि शिकवण, मला कधीकधी पट्ट्यावर आठवत. पण हा विनोद रोज करण्यासारखा नाही.

कोंडणे आणि सुटणे यांचा मात्र मी विचार करीत असे. गुहेतली मुले आत राहून बळ कमावतात आणि ते बळ त्यांना सुरांतून मिळते, ही कथेतली कल्पना मला पूर्वी अलंकारिक वाटे. बंद खोलीत, बाराव्या मिनिटाला, पाय थांबू पाहत असताना मल्लिकार्जुन मन्सूरांची तान सुरू झाली की पावले आपोआप पुढे पडतात, हे अनुभवल्यावर ती शारीर निरीक्षणाची गोष्ट वाटू लागली. यंत्राचा स्पीकर भिकार आहे. मी मोबाइल खिडकीत ठेवते.

जानेवारीत पुन्हा टीएमटी झाली. तिसरा टप्पा पूर्ण झाला, चौथ्याची काही सेकंदेही. आलेख पाहून डॉक्टर म्हणाले, जा. सावकाश, सोबत जिभेखालची गोळी ठेवा.

आम्ही दरेकशाला गाडीतून उतरलो तेव्हा फलाट माणसांनी फुलला होता. धनेगावपासूनच्या वाटेवर दुकाने, ढोल, भाषणांचे कर्णे, गोंडी पुस्तकांच्या मांडण्या. पुढे वाट चढू लागली आणि माझ्या सरावाचे मोजमाप सुरू झाले. १५ टक्के चढ म्हणजे साडेआठ अंशांचा कोन. घरातला साधा जिनाही पंचवीस-तीस अंशांचा असतो. डोंगराला टक्केवारी ठाऊक नाही. एक दगड वीतभर, पुढचा गुडघाभर, मध्ये मुळे, मध्ये पुढच्याच्या टाचा. तरी श्वास टिकला. मी तीनदा थांबले, छातीत दडपण आले नाही. एवढ्यासाठी यंत्राला पैकीच्या पैकी गुण द्यायला माझी हरकत नाही.

डोक्यावर गाठोडी घेतलेल्या म्हाताऱ्या आमच्या पुढे निघून जात होत्या. सहकारी बाईंची आईही त्यांत होती. मी काही बोलण्याआधीच बाई म्हणाल्या, ‘मॅडम, आईच्या पायांचं कौतुक करू नका. जन्मभर सरपणासाठी चालली ती. रात्री गुडघे धरून बसते, ते कोणी लिहीत नाही.’ चालण्याच्या सौंदर्यावर परिच्छेद लिहिण्याची माझी तयारी झाली होती. तो इथे नाही, याचे श्रेय त्यांचे.

गुहेविषयी फार लिहीत नाही. छताच्या भगदाडातून येणारा उजेड, खाली शेकडो माणसे आणि त्यांच्या आवाजाचा एकच झालेला घुमट. आई एका कोपऱ्यात बसून गोंडीत काही गुणगुणत होती. मी छापील पाठात जे वाचले होते त्यातले एक नाव कळले, बाकी नाही. बाईंनी अर्थ सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या, ‘उतरताना सांगते.’

उतरताना सांगता आले नाही, कारण माझे पाय थरथरू लागले होते. चढताना स्नायू आखडून जोर लावतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाताजाता भार पेलतो आणि ही कसरत वेगळी. घरगुती यंत्रे पुढून वर उचलली जातात. खाली झुकणारी थोडी आहेत, तीही दोन-तीन टक्क्यांपुरती. दहा महिने मी फक्त चढले होते. एकदाही उतरले नव्हते. छत्तीस कार्यक्रमांत उतरण्याचा कार्यक्रम नाही, ही गोष्ट परीक्षणात कोणी नोंदवल्याचे मी वाचलेले नाही. धनेगावपर्यंत आईने मला दंडाला धरून आणले. दगडावर आडवे पाऊल कसे ठेवायचे ते ती बोलून नव्हे, स्वतः ठेवून दाखवत होती.

आता आठवड्यातून दोन दिवस मी महाविद्यालयाच्या जिन्यावरून तीन मजले उतरते; वर लिफ्टने जाते. विद्यार्थ्यांना हे विचित्र वाटते. बाकीचे दिवस यंत्र, १० टक्के, चाळीस मिनिटे. सहकारी बाई परवा विचारत होत्या, आईसाठी घ्यावी का अशी एखादी. मी म्हटले, आईसाठी नको, तुमच्यासाठी घ्या. चढ बटणाचा असू द्या, पडदा नसला तरी चालेल, वजन आधी भरा आणि लाल दोरी विसरू नका. गाण्याचा अर्थ त्यांनी अजून सांगितलेला नाही. दर बुधवारी दुसऱ्या तासानंतर आम्ही दोघी मोकळ्या असतो. एकेक ओळ आईकडून रेकॉर्ड करून आणायची, असे ठरले आहे.