दोन शहरे, सहा दिवस

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताचा एकूण जननदर २.० नोंदला गेला. ही बातमी लोकसंख्येची म्हणून वाचली गेली आणि मागे पडली. परंतु सरासरीच्या आत अनेक निराळी आयुष्ये असतात. त्यांतला एक वर्ग असा आहे, ज्याचे शिक्षणच तिशीला येऊन संपते. पदव्युत्तर पदवी, पाच-सहा वर्षांची पीएच.डी., त्यानंतर दोन-दोन वर्षांच्या पोस्टडॉक नेमणुका, आणि नोकरी कायम होईपर्यंत उंबरठ्यावर आलेली पस्तिशी. या वर्गात अपत्याचा विचार पुढे ढकलला जातो, त्याचे कारण बहुधा अनिच्छा नसते. पुढच्या वर्षी कोणत्या शहरात असू, हेच ठाऊक नसते.

अशाच एका जोडप्याची ही हकीकत. ती छत्तीस वर्षांची, बंगळुरूत घनपदार्थांच्या भौतिकशास्त्रावर संशोधन करणारी. तो एकोणचाळीस वर्षांचा, कोलकात्यात अध्यापक. लग्नाला सात वर्षे झाली; एका छपराखाली काढलेले महिने मोजले, तर दोन वर्षेही भरत नाहीत. संशोधकांच्या वर्तुळात या अवस्थेला थट्टेने ‘टू-बॉडी प्रॉब्लेम’ म्हणतात. न्यूटनच्या यामिकीत दोन पिंडांचा प्रश्न पूर्णपणे सुटतो. खरी अडचण तिसरा पिंड आला की सुरू होते. या दोघांना तिसरा हवा होता, आणि पहिल्या दोघांचाच प्रश्न अजून सुटलेला नव्हता.

निर्णय झाल्यावर सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. कुणी शतावरी सुचवली, कुणी उपवास, कुणी ‘जरा ताण घेऊ नकोस’ एवढेच. तिने वहीत दोन रकाने आखले: जे बदलता येते आणि जे बदलता येत नाही. उशिरा होणाऱ्या नैसर्गिक गर्भधारणेविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यातील बराच गोंधळ हे दोन रकाने एकमेकांत मिसळल्याने होतो.

दुसरा रकाना आधी पाहू. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत सुमारे १० ते २० लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात जेमतेम ४०० ते ५०० परिपक्व होऊन बाहेर पडतात. नवी स्त्रीबीजे तयार होत नाहीत. प्रत्येक स्त्रीबीज गर्भावस्थेतच विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबलेले असते, आणि पाळीच्या ज्या महिन्यात त्याची निवड होते, त्या महिन्यापर्यंत तसेच थांबून राहते. त्यातील गुणसूत्रांच्या जोड्यांना एकत्र बांधून ठेवणारी प्रथिने जन्माआधीच बसवलेली असतात. छत्तीस वर्षांनंतर हे बंध सैल होतात, गुणसूत्रांची वाटणी चुकते. त्यामुळेच डाउन सिंड्रोमची शक्यता मातेच्या पंचविशीत साधारण १,२५० मध्ये १ असते, पस्तिशीत ३५० मध्ये १ आणि चाळिशीत १०० मध्ये १ होते. गर्भपाताचे प्रमाणही याच कारणाने वाढत जाते. कोणताही आहार, कोणतेही आसन, कोणतीही गोळी हे बंध पुन्हा घट्ट करते, असा पुरावा नाही.

याच रकान्यात तिने एएमएच या चाचणीचा आकडाही लिहिला होता आणि तो वाचून दोन रात्री ती झोपली नव्हती. हा आकडा बीजकोशात शिल्लक असलेल्या साठ्याचा अंदाज देतो, स्त्रीबीजांच्या प्रतीचा नाही. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वर्षांच्या स्त्रियांचा एक अमेरिकी अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्या स्त्रियांना नैसर्गिक गर्भधारणेत इतरांपेक्षा कमी यश मिळते, असे त्यात आढळले नाही. आकडा खोटा नव्हता. तिने त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

आता पहिला रकाना. तो पुष्कळ मोठा आहे आणि त्याचा अर्धा भाग पुरुषाचा आहे. या जोडप्यात पहिली तपासणी तिची झाली, दुसरी तिची, तिसरीही तिचीच. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त चाचणी असूनही तिची पाळी चौथी आली. घरात कुणाला यात वावगे वाटले नाही. वास्तविक गर्भधारणा न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा दुसऱ्या कारणाच्या जोडीने उपस्थित असते. अहवालात शुक्राणूंची हालचाल मंद असल्याचे दिसले. तो दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढत असे.

इथे शरीरशास्त्र आशादायक आहे. स्त्रीबीज जितके जुने, तितका शुक्राणू नवा. तो तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि पुढचा प्रवास धरून साधारण तीन महिने. म्हणजे आज सोडलेल्या तंबाखूचा परिणाम पुढच्या ऋतूत दिसू शकतो. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. म्हणून मांडीवरचा तापलेला लॅपटॉप आणि रोजचे कढत पाण्याचे टब टाळणे शहाणपणाचे. व्यायामशाळेत पिळदार शरीरासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ थांबवू शकतात, हे अनेक तरुणांच्या गावीही नसते. आणि तंबाखू म्हणजे केवळ सिगारेट नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. त्यांत धूरविरहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के होते. खैनी, गुटखा, मिश्री, जर्दा हे सारे याच हिशेबात येतात. स्त्रियांच्या बाबतीत धूम्रपान रजोनिवृत्ती एक ते चार वर्षे अलीकडे आणते. म्हणजे दुसऱ्या रकान्यातले घड्याळ मागे फिरवता येत नसले, तरी ते पुढे ढकलण्याचे साधन मात्र माणसाच्या खिशात असते.

तिच्या बाजूला वजन आणि थायरॉइड होते. पीसीओएस असलेल्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांत शरीराचे वजन ५ ते १० टक्के घटले, तरी अनेकींत स्त्रीबीज नियमित बाहेर पडू लागते. ऐंशी किलोच्या स्त्रीसाठी हे चार ते आठ किलो झाले. आदर्श बांधा गाठण्याची गरज नसते. उलट अतिव्यायाम आणि अर्धपोटी राहणे यांनी पाळी बंदही पडते. तिने पळण्याऐवजी संध्याकाळचे चालणे निवडले, वसतिगृहाच्या खानावळीतील मैद्याच्या पुऱ्यांऐवजी डाळी, नाचणी, पालेभाज्या, अंडी, मोड आलेली कडधान्ये घेऊ लागली, कॉफी दोन लहान कपांवर आणली, मद्य थांबवले. थायरॉइड, रक्तशर्करा आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळलेला असताना, ही शेवटची तपासणी कोणत्याही महागड्या चाचणीच्या आधी व्हायला हवी.

या यादीतील एका गोळीचा इतिहास भारतीय विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावा असा आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही ब्रिटिश रक्तशास्त्रज्ञ मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला. साठ वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने दाखवले की आधी असे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतल्यास पुढच्या बाळात मज्जारज्जूचे जन्मजात दोष ७२ टक्क्यांनी कमी होतात. सर्वसाधारण स्त्रीला त्याची रोजची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम पुरते. मज्जानलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येते तेव्हा निम्मे काम उरकलेले असते. म्हणून ही गोळी आधी सुरू करायची असते.

सहा महिने दोघांनी हे सारे निष्ठेने केले. त्याची सिगारेट सुटली, दुसरा अहवाल सुधारला. तिचे वजन पाच किलोंनी उतरले, पाळी नियमित झाली. गर्भधारणा झाली नाही. घरून येणाऱ्या फोनवर आता आहाराची उलटतपासणी होऊ लागली, आणि तिलाही आपल्याच शिस्तीत कुठे खोट आहे का असे वाटू लागले.

मग तिने वहीतले एक जुने पान काढले. १९९५ मध्ये विल्कॉक्स, वाइनबर्ग आणि बेअर्ड यांनी २२१ स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवले होते की एका मासिक चक्रात गर्भधारणा शक्य असते ती फक्त सहा दिवस: स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. तिने मागच्या सहा चक्रांतील हे दिवस दिनदर्शिकेवर खुणेने दाखवले आणि त्यांच्याशेजारी विमानाची व रेल्वेची तिकिटे मांडली. सहांपैकी तीनच चक्रांत दोघे त्या दिवसांत एका शहरात होते. उरलेल्या तीन महिन्यांत नाचणी, चालणे आणि फोलिक आम्ल यांचा गर्भधारणेच्या संभाव्यतेवरचा परिणाम नेमका शून्य होता.

गणित शाळकरी आहे. तिच्या वयाला एका चक्रातील शक्यता १० टक्के मानू. प्रत्यक्षात ती जोडप्यागणिक निराळी असते, पण अंदाजाला एवढे पुरते. बारा चक्रे साधली, तर वर्षभरात गर्भधारणेची शक्यता १ − ०.९¹² म्हणजे सुमारे ७२ टक्के. सहाच साधली, तर १ − ०.९⁶ म्हणजे सुमारे ४७ टक्के. हा पंचवीस टक्क्यांचा फरक कोणत्याही आहारतक्त्याने भरून निघण्यासारखा नाही. बंगळुरू आणि कोलकाता यांच्यामधले अंतर हीच त्यांच्या जीवनशैलीतील सर्वांत मोठी त्रुटी होती, आणि कुठल्याच सल्ल्याच्या यादीत तिचा उल्लेख नव्हता.

त्याने एका सत्राची बिनपगारी रजा घेतली आणि तो बंगळुरूला आला. तिसऱ्या महिन्यात चाचणी सकारात्मक आली. आठव्या आठवड्यात गर्भ टिकला नाही. प्रयोगशाळेत रात्री थांबल्यामुळे असे झाले का, असे तिने विचारले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिकांचे कारण गुणसूत्रांतील दोष असते. त्यात तिच्या कामाचा, प्रवासाचा किंवा जेवणाचा दोष नाही. हा दुसऱ्या रकान्यातला प्रसंग होता. त्या रात्री दोघांनी पहिल्यांदाच तो रकाना एकत्र बसून वाचला.

पस्तिशीनंतर सहा महिने नियमित प्रयत्न करूनही यश न आल्यास तज्ज्ञांकडे जावे, वर्षभर थांबू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. तो ते पाळणार आहेत. परंतु त्याची रजा चार आठवड्यांत संपते. तिच्या संस्थेने त्याला पाहुणा संशोधक म्हणून वर्षभर सामावून घ्यावे, असा अर्ज तिने केला आहे. अर्ज विचाराधीन आहे.

या क्षेत्रात भारताने काहीच केले नाही, असे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आणि दोन वर्षांची मुदतवाढ दिली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. केंद्रीय कर्मचारी असलेल्या पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमण्याबाबत २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे निघाली. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने स्थलांतर कराव्या लागणाऱ्या महिला शास्त्रज्ञांसाठी ‘मोबिलिटी’ योजना आखली. मात्र प्रसूतीविषयीचे नियम गर्भ राहिल्यानंतर सुरू होतात; एकत्र नेमणुकीचे धोरण कंत्राटी पोस्टडॉकपर्यंत पोचत नाही, कारण त्याला बदलीच नसते; आणि स्थलांतराची योजना घर बाईनेच हलवायचे, हे गृहीत धरते. गर्भ राहण्यापूर्वीचे महिने कोणत्याही नियमात मोजले जात नाहीत.

म्हणून ज्यांच्या घरात हा विषय निघेल, त्यांनी यादी अवश्य पाळावी: दोघांनीही तंबाखू सोडावी, दोघांचीही तपासणी एकाच आठवड्यात व्हावी, फोलिक आम्ल आधी सुरू करावे, आणि कोणत्याही काढ्याला वर्षभराची मुदत देऊ नये. आणि ज्यांच्या हाती नेमणुकांचे, पाहुण्या पदांचे, रजेचे अर्ज येतात, त्यांनी त्या अर्जाला दिरंगाई करताना एवढे लक्षात ठेवावे की समितीची पुढची बैठक तीन महिन्यांनी असली, तर समोरच्या जोडप्याची तीन चक्रे तेवढ्यात संपलेली असतात.