पाणी सर्वांचे, काठ मालकाचा

अमेरिकेस जाऊन आलेल्या माणसाने नायगाराविषयी लिहावे अशी आपल्याकडे रीत आहे. मी नायगारा पाहिला, भिजले, फोटोही काढून घेतले. परंतु गेल्या उन्हाळ्यातल्या त्या दीड महिन्यातून राहून राहून आठवते ती जागा निराळीच आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या जिनिव्हा सरोवरात, एका अनोळखी बाईंच्या लाकडी धक्क्याजवळ, कमरेइतक्या गार पाण्यात मी आणि माझा धाकटा भाऊ आईची अंगठी शोधत उभे होतो.

अंगठी पोवळ्याची, जुन्या घडणीची. भावजय लग्नानंतर शिकागोस निघाली तेव्हा आईने ती आपल्या बोटातून काढून तिच्या बोटात घातली होती. आदल्या वर्षी ही मंडळी भाड्याची होडी घेऊन या सरोवरावर गेली आणि एका पांढऱ्या धक्क्यासमोर पोहायला उतरली. गार पाण्यात बोटे आकसतात, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. होडीत परत चढली तेव्हा बोट मोकळे! त्यानंतर वर्षभर फोनच्या पडद्यावर आईशी बोलताना भावजय उजवा हात पदराआड, म्हणजे तिकडे स्वेटरच्या बाहीत, ठेवून बसे. मला मात्र विमानतळावरून घरी जातानाच सारे कळले.

"ताई, तू आहेस तोवर शोधून टाकू," भाऊ म्हणाला. त्याने पाण्यात चालणारा मेटल डिटेक्टर आधीच विकत घेऊन ठेवला होता. आईला सांगण्यापेक्षा तळे उपसणे त्याला सोपे वाटत असावे.

शिकागोहून मोटारीने दोन तासांवर हे सरोवर आहे. १८७१ साली शिकागोस मोठी आग लागली, त्यानंतर तिथल्या धनिकांनी इथे वाडे बांधले. वाडे म्हणजे काय, एकेकाच्या अंगणात आपल्या पुण्याची एखादी सोसायटी सहज मावेल. आणि गंमत अशी की या सगळ्या अंगणांतून, सरोवराला वळसा घालून, सुमारे २१ मैलांची पायवाट जाते आणि तिच्यावरून कोणीही चालावे. मूळची ती तिथल्या पोटावाटोमी आदिवासींची वाट. आपापल्या हद्दीतला तुकडा ज्याचा त्याने राखायचा. त्यामुळे कुठे विटा, कुठे खडी, कुठे नुसते गवत. कोट्यधीशाच्या खिडकीसमोरून आम्ही चिवडा खात गेलो आणि कोणी काही म्हटले नाही! उन्हाळ्यात इथे टपालही होडीने येते. होडी थांबत नाही. एखादी कॉलेजकन्या चालत्या होडीतून धक्क्यावर उडी घेते, पत्रे पेटीत टाकते आणि धावत येऊन पुन्हा होडी गाठते. ते पाहताना माझाच जीव वरखाली होत होता. विल्यम्स बे गावाच्या टेकडीवर यर्किस वेधशाळेचा घुमट आहे. आपले चंद्रशेखर १९३७ साली तिथे आले आणि बरीच वर्षे राहिले. तो घुमट पाहून मी थोडी हळवी झाले, हेही सांगून टाकते.

आता खरी अडचण. पायवाट सर्वांची, पण तिच्यावरून उतरून पाण्यात शिरायचे तर मधली दोन हात जमीन मालकाची. मग पाणी कोणाचे? तळ कोणाचा? भाऊ इंजिनिअर, त्याला वाटे, धक्का ज्याचा त्याचे पाणी. मास्तरकीची खोड मला स्वस्थ बसू देईना. गावचे वाचनालय अगदी सरोवराच्या काठी आहे. तिथे दोन दुपारी बसले.

कळले ते असे. १७८७ साली, हे राज्य जन्मायच्याही आधी, या मुलखासाठी कायदा झाला की नौकानयनाजोगे जलमार्ग सर्वांना कायमचे खुले राहावेत. १८४८ साली राज्य झाले तेव्हा तेच वचन त्याच्या घटनेत आले. नैसर्गिक सरोवराचा तळ राज्याचा, लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेला. धरण बांधून केलेल्या तलावाची गोष्ट वेगळी. तिथे बुडालेली जमीन बहुधा ज्याची त्याचीच राहते. परंतु पाणी ओसरून जो काठ उघडा पडतो त्यावर परक्याने चालू नये, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली विनेबागो सरोवराच्या एका खटल्यात दिला. थोडक्यात, पाय ओले आहेत तोवर तुम्ही हक्काचे. कोरडे झाले की आगंतुक.

तळ राज्याचा म्हणून वाटेल ते उचलावे असेही नाही. याच राज्यातल्या मेंडोटा सरोवरातून २०२१ साली सुमारे १२०० वर्षांपूर्वीची आणि २०२२ साली सुमारे ३००० वर्षांपूर्वीची, झाडाच्या खोडातून कोरलेली होडी निघाली. असल्या वस्तूंना परवान्यावाचून हात लावणे गुन्हा. भावाने सरकारी कचेरीत फोन केला. पलीकडून सांगण्यात आले: स्वतःची हरवलेली वस्तू आहे ना? मग पाण्यातून या, पाण्यातूनच जा, तळ खणू नका, जुनेपुराणे काही दिसले तर न उचलता कळवा.

"म्हणजे खजिना सापडला तर आपला नाही?" माझा दहा वर्षांचा भाचा हिरमुसला. त्याला मी इंग्लंडातल्या लिचफील्डची गोष्ट सांगितली. कोशकार जॉन्सनचे हे गाव. तिथल्या मिन्स्टर तळ्याचा गाळ उपसताना एका मजुराला दोन सोन्याच्या अंगठ्या सापडल्या. मूळ मालकाचा पत्ता लागेना. १८९६ साली न्यायालयाने त्या मजुराला नव्हे, तळ्याची जागा ताब्यात असलेल्या पाणी कंपनीला दिल्या. आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावे लागते.

"आत्या, दहा रुपये म्हणजे किती सेंट?" भाच्याने विचारले. मी विषय बदलला.

शनिवारी विल्यम्स बेच्या सार्वजनिक धक्क्यावरून होडी घेतली. गेल्या वर्षीचा फोटो जवळ होताच: पांढरा धक्का, मागे हिरवे नौकाघर. जागा सापडली. भाऊ कानाला हेडफोन लावून तळावरून तबकडी फिरवू लागला. सोन्याचा आवाज आणि डब्याच्या ॲल्युमिनियमच्या कडीचा आवाज जवळजवळ सारखाच, हे त्याच दिवशी कळले. दर खेपेस काळजात धस्स होई आणि हाती कडी येई.

तासाभराने वाड्यातून एक बाई आल्या. पंच्याहत्तरीच्या असाव्यात, डोक्याला गवती टोपी. धक्क्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "ही खासगी जागा आहे."

झाले! भावाने हेडफोन काढले आणि पाण्यात उभ्या उभ्या १८४८ ची घटना सांगायला सुरुवात केली. त्याचा शब्दन् शब्द बरोबर होता, आणि प्रत्येक शब्दागणिक बाईंचे ओठ अधिक मिटत होते. मला राहवेना. माझ्या इंग्रजीत मी म्हटले, "आमच्या आईची अंगठी इथे पडली आहे. आईला अजून सांगितलेलं नाही."

बाई गप्प झाल्या. मग विचारले, "कधी पडली?"

"गेल्या जुलैत. या धक्क्यासमोर."

त्या हसल्या. "मग इथे कशी सापडेल? गेल्या वर्षी धक्का इथे नव्हताच!"

हिवाळ्यात सरोवर गोठते. बर्फाचा रेटा लाकडाला सोसत नाही, म्हणून इथले बरेच धक्के शरदात उचलून काठावर ठेवतात आणि वसंतात पुन्हा मांडतात. यंदा बाईंनी पायऱ्या नव्या केल्या आणि धक्का तीसेक फूट अलीकडे घेतला. आम्ही घटना, निकाल, कचेरी सारे पालथे घातले. जी गोष्ट फक्त त्या घरात ठाऊक होती ती विचारायला दारात मात्र गेलो नव्हतो. त्यांनी नौकाघराचा कोपरा आणि एक ओकचे झाड यांची रेघ धरून जुनी जागा दाखवली. दुपारी कॉफीला बोलावले. पायवाटेखेरीज पाय कोरडे करून त्या काठावर मी चढले ती त्या एकाच वेळी, बोलावणे आल्यावर.

नव्या जागी आणखी चार तास शोधले. गळाला बांधतात ती शिशाची वजने, एक चमचा, काळ्या चष्म्याची काडी, आणि कड्या, कड्या, कड्या. तिथे तळ एकदम खोल जातो आणि गाळ मऊ आहे. अंगठी मिळाली नाही. बाईंनी भावाचा नंबर लिहून घेतला. धक्का उचलायला माणसे येतील त्यांना सांगून ठेवते म्हणाल्या.

त्या रात्री भावजयीने बाही वर सरकवून आईला फोन केला. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वर्षभर हात लपवत होतीस होय? मला वाटलं, भाजलंबिजलं की काय." आणि थोड्या वेळाने, "त्या बाईंना काही दिलंत की नाही? कॉफी पिऊन तसेच आलात?"

गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा शिकागोस निघाला. त्याच्याबरोबर आईने भावाकडे दोन डबे दिले. एकात घरचे अनारसे. दुसऱ्यात कडबोळी, आणि हा डबा कोणी फोडायचा नाही अशी ताकीद. डब्यावर काय लिहू, मी विचारले. म्हणाली, "लिही, तळ्याकाठच्या बाईंस, सप्रेम. आणि खाली लिही, तिखट आहे."